आजोबांची अचकन, आजीचं गाव : हुसैन आणि सूझा यांच्या बालपणाकडे पुन्हा एकदा

मंडळासाठी मी आजवर जे लिहिलं ते बहुतेक दगड, चुना आणि लोखंड यांच्याबद्दल. होळकरकालीन पूल, गिरण्यांची बॉयलर-घरं, नदीकाठच्या घाटांचे दगड कसे सांधले आहेत, असले विषय. नोकरी इंजिनिअरची, इतिहासाची आवड नंतरची, आणि चित्रकलेचं तर शिक्षणच नाही. तेव्हा चित्रकारांवर लिहायचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी लिहावं लागतंय. कारण दोन वर्षांपूर्वी याच मंडळाच्या बैठकीत मी मकबूल फिदा हुसैन यांच्या इंदूरमधल्या बालपणावर एक टिपण वाचलं होतं, आणि ते चुकीचं होतं. तपशील बरोबर होते, ते तपासून घेतले होते. चूक वाचण्यात होती.

टिपणाचा मुद्दा थोडक्यात असा : हुसैन दीड-एक वर्षाचे असताना आई वारली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, घरात तिचं छायाचित्रही नव्हतं. हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. म्हणून त्यांच्या चित्रांतल्या बायांना चेहरे नाहीत. मदर तेरेसांवरची मालिका बघा : निळ्या काठाची पांढरी साडी आहे, हात आहेत, मांडीवर मूल आहे, आणि जिथे चेहरा हवा तिथे नुसता काळोख. आई हरवली, चेहरा हरवला, चित्र जन्मलं. गणित सुटल्यासारखं वाटलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

चहाच्या वेळी मंडळातल्या एक ज्येष्ठ बाई जवळ आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "छान वाचलंस रे. आई नव्हती हे कळलं. पण मग त्या पोराला जेवू कोण घालत होतं? कोणाच्या कुशीत झोपत होतं ते? तुझ्या टिपणात आजोबा एका ओळीत आले आणि गेले."

मला ते लागलं. लागायचं कारण वेगळं होतं. मी स्वतः आजी-आजोबांकडे वाढलोय. कारणं घरगुती आहेत, ती इथे नकोत. पण शाळेत, शेजारात, लग्नकार्यात कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "आई-वडील कुठे असतात?" आणि आजी तिथेच, माझा हात धरून उभी असायची. जे नाहीत त्यांची चौकशी, आणि जी आहे तिच्याकडे कोणी बघायचं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर मी हुसैन यांच्या बाबतीत नेमकं तेच केलं होतं. म्हणून हे दुसरं टिपण.

मुंबईचा म्हणवला जाणारा गट

आधी थोडी पार्श्वभूमी. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन झाला. भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास सांगताना हे नाव टाळताच येत नाही. सुरुवातीचे सहा जण : सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि हुसैन. 'बॉम्बे प्रोग्रेसिव्ह' असंच आपण म्हणतो. पण जरा जन्मगावं बघा. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या बार्देशमधल्या साळगावचे. कृष्णाजी हौळाजी आरा हैदराबादजवळच्या बोलारमचे. शिल्पकार सदानंद बाकरे बडोद्याचे. हुसैन जन्माने पंढरपूरचे, वाढले इंदुरात, शिकले काही काळ बडोद्यात. गाडे वऱ्हाडातले आणि रझा मध्य प्रांतातले. म्हणजे सहांपैकी चार जण आपल्या मंडळाच्या नकाशात येतात. मुंबईने त्यांना भिंती दिल्या, गिऱ्हाईक दिलं, भांडायला माणसं दिली. पण चित्रं काढण्याआधीची जी शिदोरी असते ती दुसरीकडून आली होती.

यांतले तिघे जवळजवळ अनाथपणे वाढले. हुसैन यांना आई नव्हती. सूझांचे वडील ते तीन महिन्यांचे असताना गेले. आरांची आई ते तीन वर्षांचे असताना गेली. इतकं सारखेपण दिसलं की समीक्षकाचा हात शिवशिवतो. माझाही शिवशिवला होता. पण पुलाचं काम करताना शिकलेली एक गोष्ट : तीन पूल पडले आणि तिन्हींवर पाऊस पडला होता, म्हणून पूल पावसाने पडले असं होत नाही. प्रत्येक पुलाचा पाया वेगळा उकरून बघावा लागतो.

कंदील करणारे आजोबा

हुसैन यांचा जन्म १९१५ चा. आई जैनब गेली, वडील फिदा इंदूरला आले, त्यांनी दुसरं लग्न केलं. मकबूल खऱ्या अर्थाने वाढला तो आजोबांच्या, अब्दुल यांच्या सावलीत. आजोबा दिवे-कंदील करणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. पोरगं त्यांचं बोट धरून फिरायचं, त्यांच्या शेजारी झोपायचं. आजोबांची काळी छत्री, आजोबांचा कंदील. हुसैन यांच्या चित्रांत पुढे साठ-सत्तर वर्षं या दोन वस्तू येत राहिल्या.

ते लहान असतानाच आजोबा गेले. त्यानंतरचं जे वर्णन हुसैन यांनी हिंदीतल्या आपल्या आत्मकथेत केलं आहे ते मला त्यांच्या सगळ्या लेखनात सर्वांत खरं वाटतं. मुलगा आजोबांच्या खोलीतून बाहेर येईना. झोपायचा आजोबांच्याच बिछान्यावर, अंगावर आजोबांची भुरकट अचकन घेऊन. घरात कोणाशी बोलणं नाही. आजोबा शेजारी आहेत अशाच थाटात. शेवटी वडिलांनी त्याला बडोद्याला वसतिगृह असलेल्या मदरशात पाठवलं, की मुलांत राहील, हवापालट होईल. तिथे चित्रकलेच्या मास्तरांनी फळ्यावर पक्षी काढला, मुलांना पाटीवर उतरवायला सांगितलं, आणि मकबूलच्या पाटीवर तो पक्षी जसाच्या तसा उतरला. दहापैकी दहा गुण.

आता हा क्रम नीट बघा. आई गेली तेव्हा तो दीड वर्षाचा होता. त्या दुःखाची त्याला स्वतःची अशी आठवण नाही. ती इतरांनी सांगितलेली. आजोबा गेले ते दुःख मात्र त्याने स्वतः जगलं, जिभेवर कुलूप लावून. आणि गप्प झालेला मुलगा पुन्हा काही 'बोलला' तो पाटीवरच्या पक्ष्यातून. तेव्हा हुसैन यांच्या चित्रभाषेची मुळं शोधायची तर ती आईच्या न आठवणाऱ्या चेहऱ्यात शोधण्याआधी त्या अचकनीत शोधायला हवीत. माझ्या पहिल्या टिपणात अचकन नव्हतीच.

बडोद्याहून परत आल्यावर त्याला इंदूरच्या राणीपुरा बाजारात काकांच्या दुकानावर बसवलं. व्यापार शिकेल ही अपेक्षा. पोराने वहीत हिशेबापेक्षा रेखाटनंच जास्त केली : डोक्यावरून पदर ओढलेली बाई, गव्हाचं पोतं उचलणाऱ्या हमालाची पगडी, पठाणाची दाढी. आपल्यापैकी जे इंदूरचे आहेत त्यांनी राणीपुऱ्यातून जाताना एकदा थांबून बघावं. भारतीय चित्रकलेच्या एका मोठ्या प्रकरणाची पहिली शाळा हा बाजार आहे, आणि तिथे त्याची काही खूण दिसत नाही.

'सिंहगड'चं कोडं

इथे इतिहासाच्या मंडळींना आवडेल असा एक तपशील. हुसैन यांचं पहिलं तैलचित्र त्या दुकानातच झालं. निमित्त सिनेमाच्या जाहिरातीचं. पतंगाच्या रंगीत कागदावर छापलेलं पत्रक, त्यावर ढाल-तलवार घेतलेला मराठा वीर. चित्रपट कोल्हापूरच्या शांतारामांचा 'सिंहगड'. ते बघून पोराला तैलरंगात चित्र काढायची ओढ लागली. पैसे नव्हते, तेव्हा शाळेची दोन पुस्तकं विकून रंग आणले. पुस्तकं कुठली? भूगोल आणि इतिहास! आमच्या मंडळाने मनावर घ्यायची गोष्ट आहे ही.

आता कोडं असं. आठवण मूकपटांच्या काळातली म्हणून सांगितली आहे. मूक 'सिंहगड' १९२३ चा, आणि तो दिग्दर्शित केला बाबूराव पेंटर यांनी. शांताराम त्यात होते, पण शेलारमामाच्या भूमिकेत. शांतारामांनी स्वतः दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'सिंहगड' १९३३ चा, आणि तो बोलपट. म्हणजे आठवणीत दोन सिनेमे एकात मिसळले आहेत. पुढे ज्याचं नाव मोठं झालं ते नाव आठवणीने उचललं आणि पेंटर मागे राहिले.

हे मी चूक काढायला सांगत नाही. उलट यात एक गंमत आहे. बाबूराव हे आडनावाप्रमाणे पेंटरच. नाटकाचे पडदे रंगवत सिनेमात आलेले. आणि हुसैन पुढे मुंबईत जाऊन पोट भरू लागले ते सिनेमाची भलीमोठी फलकं रंगवूनच. पण महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. हुसैन यांची आत्मकथा हा पुरावा म्हणून वापरताना आपण सावध राहायला हवं. चित्रकार आठवण सांगतो तेव्हाही तो रचनाच करत असतो. कुठे रंग दाट लावायचा, कोणाला कडेला सारायचं हे ठरवत असतो. मग 'आईचा चेहरा नाही म्हणून माझ्या बायांना चेहरा नाही' हे त्यांचंच स्पष्टीकरणही त्याच सावधपणे घ्यायला नको का? 'सिंहगड'ची तारीख तपासायची आणि हे मात्र शब्दशः खरं धरायचं, हा कुठला न्याय?

त्या पहिल्या चित्राची काकांनी वडिलांकडे तक्रार केली. वडिलांनी चित्र बघितलं आणि पोराला मिठी मारली. पुढे नारायण श्रीधर बेंद्रे, तेही इंदूरचे, या मुलाचं काम बघून घरी आले आणि वडिलांशी बोलले. वडिलांनी चक्क मुंबईहून रंग आणि कॅनव्हास मागवले. देवळालीकर गुरुजींच्या चित्रशाळेतलं शिक्षण त्या काळातलंच. गिरणीत नोकरी करणारा बाप मुलाला चित्रकार हो म्हणतो, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हे, आजही नाही.

चेहरा नाही, मग काय आहे?

'बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प' हे १९५६ चं चित्र घेऊ. पाच बाया उभ्या आहेत, जुन्या शिल्पांतल्यासारख्या. वर कधीच वाचता येणार नाही अशा लिपीची अक्षरं, त्यांच्या जवळ लोंबणारा एक दिवा. एका बाईच्या हातातून धाग्याला लोंबणारा कोळी. या चित्राचे अर्थ लावायचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. मला त्यात अर्थापेक्षा बांधणी दिसते, ती सांगतो.

पत्र्याचा कंदील ज्याने बनताना पाहिला असेल त्याला ठाऊक असेल. आमच्या आजोबांच्या हाताखाली मी पाहिला आहे. ते गिरणीत फिटर होते आणि घरी रविवारी शेजाऱ्यांच्या चिमण्या-कंदील दुरुस्त करायचे. पत्रा आधी सपाट असतो. त्यावर खिळ्याने रेघ ओढायची. रेघेवर कापायचं, रेघेवर दुमडायचं, मग कडा एकमेकांत अडकवून झाळायच्या. सगळी ताकद कडेत. मधला पत्रा नुसता भरणा असतो. तो दबला, चेपला तरी चालतं, कड सुटली की कंदील गेला.

हुसैन यांच्या आकृती अशाच केलेल्या आहेत. आधी कड, जाड, एका दमात ओढलेली. मग रंग, सपाट. पाश्चात्य पद्धतीने उजेड-सावली पाडून गोलाई आणायच्या फंदात ते फारसे पडत नाहीत. दिवा चित्रात आहे, पण त्याचा उजेड बायांच्या अंगावर पाडून दाखवायची त्यांना गरज वाटत नाही. खांदा, कंबर, मांडी यांचे कोन दुमडलेल्या पत्र्यासारखे. आणि चेहरा? चेहरा हा भरणा आहे. ज्या रेषेने ती बाई उभी राहते त्या रेषेला नाक-डोळ्यांची गरज नाही. म्हणूनच त्यांच्या पुष्कळ पुरुषांनाही चेहरे नाहीत. गांधीजीही त्यांनी चेहऱ्याविना काढले आहेत. ते सगळे काही आईच्या शोधातले नव्हेत. हे सगळं आजोबांच्या दुकानात डोळ्यांनी टिपलेलं आहे असं माझं वाचन आहे. आजोबांनी नातवाला वस्तू दिल्या, कंदील आणि छत्री, असं सगळेच म्हणतात. माझ्या मते त्यांनी त्याहून मोठी गोष्ट दिली : वस्तू उभी कशी राहते ते दाखवलं.

आणि तेरेसांची मालिका? तीही पुन्हा बघितली. चेहऱ्याच्या जागी काळोख आहे हे खरं. पण इतके दिवस मी त्या काळोखाकडेच बघत होतो. चित्रात जे आहे ते बघा : पदर, हात, मांडी आणि त्या मांडीवरचं मूल, कधी लहान तर कधी चांगलं वाढलेलं. म्हणजे सांभाळणं. दुसऱ्याचं मूल सांभाळणं. तेरेसा त्या मुलांच्या आई नव्हत्या, हे तर चित्राच्या नावातच आहे. त्या मालिकेचा विषय हरवलेली आई आहे असं आपण म्हणतो. मला आता वाटतं तो विषय आईच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे.

साळगावची आजी

आता दुसरा पाया. सूझा १९२४ चे. वडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. तरुण विधवा आई पोटासाठी मुंबईला गेली, शिवणकाम करू लागली. मुलाला देवी आल्या. तो वाचला तर त्याला पाद्री करीन असा नवस आईने केला, आणि मुलगा वाचल्यावर गोंयच्या सायबाचं, संत फ्रान्सिस झेवियरचं, नाव त्याच्या नावापुढे लावलं. आई मुंबईत राबत असताना मुलगा साळगावात आजीजवळ वाढत होता.

साळगाव ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तिथलं माय द देउस चर्च आठवत असेल. १८७३ साली उभं राहिलेलं, टोकदार कमानींचं, रात्री दिव्यांत पांढरंशुभ्र दिसणारं. गोव्यातल्या इतर जुन्या चर्चपेक्षा अगदी वेगळी ठेवण. देवी झालेला, पाद्री व्हायचा नवस डोक्यावर असलेला मुलगा, भाविक घर आणि हे चर्च. सूझांनी पुढे लिहिलं आहे की चर्चने त्यांच्यावर जबरदस्त परिणाम केला, पण तो शिकवणुकीने नव्हे, तर वास्तूने, विधींच्या थाटाने, पाद्रींच्या जरीच्या झग्यांनी, लाकडी संतांनी आणि क्रुसावरच्या रक्तबंबाळ ख्रिस्ताने.

इथेही सोपं समीकरण तयार आहे. देवीचे व्रण, म्हणून त्यांच्या चित्रांतले ओरखडलेले, भोसकलेले चेहरे. असं लिहिलंही जातं. पण व्रण पुष्कळांना होते. त्या काळात दर गावात होते. सूझांची रेषा त्या व्रणांतून आली असं म्हणणं म्हणजे पुलाचं वर्णन करताना फक्त भेगांचं वर्णन करणं. त्यांच्या डोक्यांची बांधणी बघा : जाड काळी कड, आत भरलेला रंग. ही काचेच्या रंगीत खिडकीची रीत आहे, चर्चच्या भिंतीतली. त्यांच्या १९५० च्या दशकातल्या पुरुषांच्या अंगावरचे भरजरी झगे पाद्रींचे आहेत. आणि १९५५ चा 'मिस्टर सेबॅस्टियन' बघा : संत सेबॅस्टियनचे बाण आता एका कोट घातलेल्या शहरी माणसाच्या तोंडा-मानेत रुतले आहेत. गावच्या चर्चमधला संत लंडनच्या रस्त्यावर आणून उभा केला आहे. निसर्गचित्रांतली कलंडणारी घरं, मधून घुसणारा चर्चचा सुळका, तेही साळगावच; गाव कुठल्याही देशातलं असो.

पण दोघांत मोठा फरक आहे. हुसैन यांनी आजोबांची अचकन अंगावर ओढून घेतली. सूझांनी आजीच्या गावचा झगा फाडला आणि त्या चिंध्यांतूनच चित्रं केली. एकाची भाषा सोबतीतून आली, दुसऱ्याची भांडणातून. शाळेतून काढलं, जेजेतून काढलं, १९४९ मध्ये प्रदर्शनातल्या नग्न स्वचित्रावरून पोलीस घरी आले, त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडची वाट धरली. तरी ज्याच्याशी भांडायचं ते डोक्यात पक्कं असावं लागतं, तरच भांडण पन्नास वर्षं टिकतं. ते पक्कं झालं साळगावात. लंडनमध्ये त्यांना पहिलं मोठं नाव मिळालं ते १९५५ साली, चित्रांच्या प्रदर्शनाबरोबरच 'एन्काउंटर' मासिकातल्या 'निर्वाणा ऑफ अ मॅगट' या आत्मपर लेखाने. इतकं दूर जाऊनही सांगायचं होतं ते गोव्याबद्दलच.

आरांचा पुरावा उलट जातो

माझं म्हणणं 'आजी-आजोबा असले की कलावंत होतो' असं समजू नका. तिसरा पाया ते खोडून काढतो. बोलारमच्या आरांना आजी-आजोबांची अशी सावली नव्हती. आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि सात वर्षांचा हा मुलगा पळून मुंबईला आला. गाड्या धुतल्या, घरगडी म्हणून राबला, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. आणि काढलं काय? फुलदाण्या, फळं, भांडी, आणि निवांत बसलेल्या नग्न बाया. इतक्या खडतर बालपणातून इतकी शांत चित्रं! दुःख हेच जर कलेचं कारण असतं तर आरांची चित्रं सूझांपेक्षा भेसूर व्हायला हवी होती. पण ज्याला स्वतःचं घर मिळालं नाही त्याने इतरांच्या घरांत ज्या वस्तू पुसल्या, मांडल्या, त्या वस्तूच त्याची भाषा झाल्या, असं मला दिसतं.

म्हणजे तिघांत समान आहे ते दुःख नव्हे. समान आहे ती लहानपणी हाताशी असलेली, डोळ्यांत भरलेली वस्तूंची दुनिया : कंदील, संतांच्या मूर्ती, फुलदाणी. आणि दुसरं, योग्य वेळी कोणीतरी 'कर' म्हणालं. हुसैन यांना वडील आणि बेंद्रे, आरांना समीक्षक रुडी फॉन लायडन. हुसैन यांना या गटात ओढून आणणारे तर सूझाच. राणीपुऱ्यात, साळगावात, बोलारममध्ये आईविना वा बापाविना वाढलेली आणखीही मुलं होती. त्यांना दुःख कमी नव्हतं. कोणीतरी पुस्तकं विकल्याबद्दल मारण्याऐवजी मिठी मारायला हवी होती.

जिथे आवाज नुसता शिक्का होतो

कौतुक पुरे, थोडं उणंही सांगायला हवं. हुसैन यांच्या नंतरच्या कामात छत्री, कंदील आणि घोडा इतक्या वेळा येतात की त्या वस्तू राहत नाहीत, सहीसारख्या होतात. १९५५ चं 'जमीन' किंवा 'स्पायडर' बघताना दिवा तिथे का आहे असा प्रश्न पडतो. नंतरच्या अनेक चित्रांत तो पडत नाही, कारण दिवा आहे तो हुसैन आहेत हे कळावं म्हणून. तेरेसाही पुढे पुढे सराईत झाल्या. सूझांचंही तसंच. साठच्या दशकानंतर त्यांची डोकी एकमेकांसारखी होत जातात. भांडण चालू आहे, पण समोरचा केव्हाच उठून गेला आहे. आजोबांनी दिलेलं अवजार भिंतीवर शोभेला टांगलं की गंजतं. माझ्या घरी आजोबांची पत्रा कापायची कात्री अशीच टांगली होती, ती मी हल्ली उतरवून ठेवली आहे.

दोघांचे शेवटही उलटसुलट. जगभर फिरलेले सूझा २००२ साली मुंबईत गेले, शिवडीच्या दफनभूमीत आहेत. आणि इथल्या मातीचेच म्हणवणारे हुसैन वादांमुळे २००६ मध्ये देशाबाहेर गेले ते परतलेच नाहीत. २०११ मध्ये लंडनला वारले. त्या वादांबद्दल मंडळात दोन्ही बाजूंची मतं आहेत, ती इथे उकरत नाही. पंढरपुरात जन्मलेल्या आणि 'सिंहगड'च्या पत्रकावरून पहिलं तैलचित्र काढलेल्या माणसाची माती परमुलखात पडली, एवढंच नोंदवतो.

दुरुस्ती

माझ्या पहिल्या टिपणात एक वाक्य होतं : 'आईच्या मृत्यूनंतर ते आजोबांकडे वाढले.' मंडळाच्या दप्तरातल्या प्रतीत मी ते बदलून दिलं आहे. आता ते असं आहे : 'दिवे-कंदील करणारे त्यांचे आजोबा अब्दुल यांनी त्यांना वाढवलं.' कर्ता बदलला, बाकी काही नाही. पण शाळेत व्याकरण शिकताना कर्त्याला इतकं महत्त्व का ते कधी कळलं नव्हतं, आता कळलं.

त्या बाईंना हे सांगायला फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. आता तुझ्या आजीबद्दल कधी लिहितोस?"

पुलांबद्दल लिहिणं सोपं आहे, असं म्हणून मी विषय बदलला. पण घाटांवर, पुलांवर, बॉयलर-घरांवर मी वीस वर्षं जे लिहितोय, सांधा कुठे आहे, भार कोणी घेतलाय, ते बघायला मला कोणी शिकवलं, हे त्यांना ठाऊक असावं.